साठी आली म्हणून बुद्धी नाठी का?

आपल्याकडे म्हण आहे, "साठी बुद्धी नाठी." आजी चष्मा ठेवून विसरली की घरातली पोरे हसतात. पण ही म्हण पुरी खरी नाही. कशी, ते पाहू.

माझी थोरली बहीण कळंब तालुक्यात राहते. तिने जन्मभर खुरपणी केली, विहिरीचे पाणी वाहिले. पुढे दारात नळ आला. घरात सून आली. "अक्का, आता बसून खा," असे सगळे म्हणाले. अक्का बसली. दोन वर्षांत गुडघे आखडले. नातवंडांची नावे चुकू लागली. मी म्हणालो, "अक्का, रोज चालत जा." ती म्हणाली, "आरं, जन्मभर राबले. आता आणि कसला व्यायाम?"

तिचे म्हणणे रास्त होते. राबलेल्या जिवाला विसावा हवाच. पण विसावा निराळा आणि बसून राहणे निराळे.

मेंदू वजनाने सुमारे सव्वा ते दीड किलो. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हा प्राणवायू रक्तातून पोचतो. पाटाला पाणी कमी आले की शेवटचे वाफे सुकतात. तसेच मेंदूचे आहे. चालण्याने रक्त खेळते. रक्तदाब व साखर आटोक्यात राहायला मदत होते.

अमेरिकेत १२० वयस्कर बाया-पुरुषांवर प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्मी माणसे वर्षभर चालली, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे. बाकीच्यांनी फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवण ठेवणारा भाग सुमारे २ टक्के वाढला. बाकीच्यांचा थोडा घटला.

मग काय करावे?

१. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. थोडा दम लागावा, पण बोलता यावे.

२. पंचमीला फेर धरता, तसा एरवीही धरा. गाणे आठवायचे, पाऊल तालावर टाकायचे. यात अंग आणि डोके दोन्ही कामाला लागतात. फुगडी मात्र नको, पडायची भीती असते.

३. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबा. दवाखाना गाठा.

४. आजी घरची वाट विसरू लागली तर हसू नका. भानामती म्हणून देवऋष्याकडे नेऊ नका. डॉक्टरला दाखवा. जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो. त्यावर औषध आहे.

चालणे म्हणजे सगळ्या रोगांवर उतारा नव्हे. पण त्याला पैसा लागत नाही.

अक्का आता दोघी शेजारणींबरोबर रोज मारुतीच्या देवळापर्यंत जाते. नावे अजून कधी चुकतात. पण ती घरात गप्प बसत नाही. वाटेत कोणाच्या रानात काय पेरले, ते मला सांगते.

पाठ वाचून झाला. आता घरातल्या आजीला हाक मारा. दोघे मिळून वेशीपर्यंत जाऊन या.