आर खोऱ्यातील द्राक्षवाट : महापुरातून वाचलेला मार्ग

जर्मनीच्या पश्चिम भागात आर नावाची एक लहान नदी आहे. आइफेलच्या डोंगराळ प्रदेशात ब्लांकेनहाइम येथे ती उगम पावते आणि सुमारे ८५ किलोमीटर वाहून झिंत्सिग शहराजवळ ऱ्हाइन नदीला मिळते. या नदीच्या खालच्या टप्प्यात, वरचे जंगल आणि खालची गावे यांच्यामधून, द्राक्षमळ्यांना छेदत जाणारी सुमारे ३५ किलोमीटरची एक पायवाट आहे. 'रोटवाइनवांडरवेग', म्हणजेच लाल वाइनची पदभ्रमण वाट, या नावाने ती ओळखली जाते. १९७२ मध्ये ती पर्यटकांसाठी खुली झाली. जुलै २०२१ मधील महापुराने या खोऱ्यातील गावे उद्ध्वस्त केली. उतारावरची ही वाट मात्र बहुतांशी शाबूत राहिली. ही वाट कशी आहे, खोऱ्यातील जीवन तिच्याशी कसे जोडलेले आहे आणि आपत्तीनंतर तिचे महत्त्व का वाढले, याचा हा आढावा.

पाटीचा दगड आणि लाल द्राक्षे

आर खोरे साधारण ५०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या उत्तरेकडे लाल वाइनची द्राक्षे पिकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यामागे येथील भूरचना आहे. आइफेलच्या डोंगररांगांमुळे खोऱ्याला थंड वाऱ्यांपासून आडोसा मिळतो. दक्षिणाभिमुख उतारांवर सूर्यकिरणे अधिक सरळ पडतात. येथील काळसर पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता वेलींना परत देतो. त्यामुळे सुमारे ५६० हेक्टरच्या या लहानशा वाइन प्रदेशात निम्म्याहून अधिक क्षेत्रावर 'श्पेटबुर्गुंडर' ही लाल द्राक्षांची जात घेतली जाते. फ्रान्समध्ये तिलाच 'पिनो न्वार' म्हणतात. नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची काढणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात होते, तर आर खोऱ्यात ती सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये होते.

मळ्यांचे उतार अनेक ठिकाणी इतके तीव्र आहेत की तेथे यंत्रे चालवता येत नाहीत. दगडी बांध घालून अरुंद पट्ट्या तयार केलेल्या असतात. वेलींची छाटणी आणि घडांची तोडणी हातांनीच करावी लागते. अत्यंत उभ्या जागी माल वाहून नेण्यासाठी एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी वापरली जाते. सपाट जमिनीवरील मळ्याच्या तुलनेत येथे एका हेक्टरसाठी कितीतरी पट अधिक श्रम लागतात. मळ्यांच्या वरच्या कडेला ओक आणि बीच वृक्षांचे जंगल सुरू होते. वेलींना आधार देणारे खांब पूर्वी याच जंगलातून मिळत असत.

वाट आणि व्यवसाय

बाड बोडेनडोर्फपासून आल्टेनआरपर्यंत जाणाऱ्या या वाटेवर लाल द्राक्षघडाचे चिन्ह ठिकठिकाणी लावलेले आहे. आरवायलर, मारियनटाल, डेर्नाऊ, रेख, माइशोस अशी गावे एकापाठोपाठ एक खाली दिसत राहतात. प्रत्येक गावात उतरण्यासाठी जोडवाटा आहेत. खोऱ्याच्या तळातून रेल्वेमार्ग जात असल्याने संपूर्ण अंतर एका दमात चालण्याची आवश्यकता नसते. हवे तेवढे चालावे आणि जवळच्या स्थानकावरून गाडीने परतावे, अशी ही सोय आहे. आल्टेनआर येथे आरे किल्ल्याचे भग्नावशेष वाटसरूचे स्वागत करतात. आरवायलरजवळ डोंगराच्या पोटात पश्चिम जर्मनीच्या सरकारसाठी शीतयुद्धकाळात बांधलेले, १७ किलोमीटरहून अधिक लांबीचे गुप्त भुयार आहे. त्याचा एक भाग २००८ पासून संग्रहालय म्हणून पाहता येतो.

ही वाट म्हणजे केवळ विरंगुळ्याचे साधन नव्हे. खोऱ्यातील बहुतेक वाइन उत्पादक लहान आहेत. अधिक श्रमामुळे महाग पडणारी त्यांची वाइन मोठ्या बाजारपेठेतील स्वस्त मालाशी स्पर्धा करू शकत नाही. चालत आलेला पाहुणा मळा पाहतो, गावात उतरून जेवतो, उत्पादकाकडूनच थेट बाटल्या विकत घेतो आणि पुढील वर्षी पुन्हा येतो. जर्मनीत वाइन उत्पादकांना वर्षातील चार महिन्यांपर्यंत स्वतःच्या आवारात वाइन आणि साधे खाद्यपदार्थ विकण्याची मुभा आहे. दारावर बांधलेली डहाळी ही अशा हंगामी पानगृहाची पारंपरिक खूण होय.

एकत्र येऊन तगून राहण्याची परंपराही येथे जुनी आहे. माइशोस येथील द्राक्ष उत्पादकांनी १८६८ मध्ये स्थापन केलेली सहकारी संस्था ही जगातील या प्रकारच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक मानली जाते. सहकाराची परंपरा परिचित असलेल्या मराठी वाचकांना त्यामागील कारण सहज उमजेल : एकेकट्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याकडून योग्य भाव मिळत नव्हता.

१४ जुलै २०२१ ची रात्र

१४ जुलै २०२१ रोजी आइफेल परिसरात अतिवृष्टी झाली. आधीच्या पावसाने जमीन भिजलेली होती. पाटीच्या दगडावरील मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरण्यास वाव नव्हता आणि ते उतारांवरून वेगाने अरुंद दरीत उतरले. आल्टेनआर येथील पूर्वीची विक्रमी पातळी २०१६ मधील ३.७१ मीटर होती. या वेळी मोजणी करणारे यंत्रच वाहून गेले. नंतरच्या अंदाजानुसार पाणी सुमारे १० मीटरपर्यंत चढले होते. वाहून आलेले वृक्ष, मोटारी आणि तंबूतळांवरील फिरती घरे पुलांच्या कमानींत अडकली. त्यामुळे पाणी तुंबले आणि पूल कोसळताच पुढील गावांवर आदळले. आर खोऱ्यात १३० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. यापूर्वी १८०४ आणि १९१० मध्येही येथे प्राणघातक पूर आले होते, परंतु त्यांची आठवण पुसट झाली होती.

खोऱ्यातील बहुतेक वाइन व्यवसायांना या पुराचा फटका बसला. तळघरांतील पिंपे, यंत्रे आणि बाटल्या चिखलात गेल्या. मळे मात्र मुख्यतः उतारावर असल्याने त्यांचा मोठा भाग वाचला. वेलींवर पीक उभे होते. ते साठवण्यासाठी तळघर नव्हते. अन्य वाइन प्रदेशांतील उत्पादक आणि हजारो स्वयंसेवक मदतीस धावून आले. त्यांच्या साहाय्याने त्या वर्षीची काढणी पार पडली. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता 'पुराची वाइन' म्हणून विकण्यात आल्या आणि या उपक्रमातून ४४ लाख युरोंच्या आसपास निधी उभा राहिला.

वाट होती, गावे नव्हती

पुरानंतरच्या पहिल्या दिवसांत दरीच्या तळातील रस्ता, रेल्वेमार्ग आणि बहुसंख्य पूल निकामी झाले होते. माइशोससारख्या गावांचा बाह्य जगाशी संपर्क तुटला होता. अशा वेळी जंगलातून आणि मळ्यांतून जाणाऱ्या वरच्या वाटाच मदत पोहोचवण्याच्या कामी आल्या. वर्दळीचा मार्ग नदीकाठी आणि निवांत मार्ग डोंगरावर, ही नेहमीची व्यवस्था उलटी झाली होती.

नंतर दुसरी अडचण पुढे आली. वाट शाबूत होती, पण उतरण्यासाठी गाव उरले नव्हते. जेवणघरे, मुक्कामाच्या जागा आणि स्थानके नष्ट झाली होती. पाहुणा आला नाही तर वाइन विकली जात नाही, वाइन विकली गेली नाही तर उभ्या उतारावरील मळा परवडत नाही आणि मळा सोडून दिला तर काही वर्षांतच तेथे झुडपे माजतात, दगडी बांध ढासळतात. द्राक्षमळ्यांतून जाणारी वाट मळे टिकले तरच टिकते.

पुनर्बांधणीतील प्रश्न

जर्मनीने २०२१ मध्ये पूरग्रस्त राज्यांच्या पुनर्बांधणीसाठी ३० अब्ज युरोंपर्यंतचा निधी मंजूर केला. रेल्वेमार्ग नव्याने उभारताना त्याचे विद्युतीकरणही हाती घेण्यात आले. मात्र काय पूर्ववत करावे आणि काय करू नये, हा निर्णय सोपा नव्हता. रेख येथील अठराव्या शतकातील दगडी पुलाचा काही भाग पुरात वाहून गेला होता. तो या गावाची ओळख होता. परंतु त्याच्या कमानींत पुन्हा ओंडके अडकले असते. अखेर उरलेला पूलही पाडण्यात आला.

हवामान शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीमुळे पश्चिम युरोपातील अशा अतिवृष्टीची शक्यता १.२ ते ९ पट वाढली आहे. आर खोऱ्यासाठी हा विरोधाभास आहे. वाढत्या उष्णतेमुळे येथील लाल द्राक्षे पूर्वीपेक्षा अधिक चांगली पिकू लागली. त्याच बदलामुळे नदी अधिक धोकादायक होत आहे.

आज या वाटेवरून चालणाऱ्याला एका बाजूस जंगल, दोन्ही हातांना वेली आणि खाली नव्याने बांधली जाणारी गावे दिसतात. येथे येणे म्हणजे दुःखाचे प्रदर्शन पाहणे नव्हे. वाटेवरून खाली उतरून एखाद्या अंगणात बसणारा, वाइनची बाटली विकत घेणारा प्रत्येक पाहुणा या खोऱ्याच्या पुनर्वसनाला प्रत्यक्ष हातभार लावत असतो.