पी०७४१ : गिअरबॉक्सच्या एका कोडचे निदान

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने ‘पी०७४१’ हा कोड दाखवला, की टॉर्क कन्व्हर्टर गेला असा निकाल पुष्कळदा तिथल्या तिथे दिला जातो. वास्तविक नियंत्रक संगणकाने जी आज्ञा दिली तिचा अपेक्षित परिणाम त्याला आढळला नाही, एवढीच ही नोंद असते. दोष कोणत्या भागात आहे हे ती सांगत नाही. कोडमधील ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्स यांची चालक यंत्रणा दर्शवते, त्यापुढील शून्य हा कोड प्रमाणित, म्हणजे सर्व उत्पादकांना समान, असल्याचे सुचवते आणि सात हा अंक गिअरबॉक्सचा निर्देश करतो. त्याच्या जोडीला पुष्कळदा पी०७०० हाही कोड येतो; परंतु गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने इंजिनाच्या नियंत्रकाला दिवा लावण्यास सांगितले, याहून अधिक काही त्यात नसल्यामुळे त्यावर थांबणे म्हणजे पाकीट पाहून पत्र वाचल्याचे समाधान मानणे होय.

टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला, तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोचवणारा भाग असून, तेलातून होणाऱ्या या हस्तांतरात दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांत थोडी तफावत राहतेच. ही तफावत, म्हणजेच स्लिप, इंधन वाया घालवते आणि तेल तापवते. म्हणून गाडी स्थिर वेगाने धावू लागली की आतील लॉकअप क्लच दाबून दोन्ही बाजू यांत्रिकरीत्या एकत्र जोडल्या जातात. लॉकअपची आज्ञा देऊनही स्लिप ठरावीक मर्यादेखाली येत नाही, हे पी०७४१ चे म्हणणे आहे. (भारतात ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द बराच सैल वापरला जातो, २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीमध्ये क्लच आणि गिअर साध्या गाडीचेच असतात, टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, त्यामुळे गाडीत कोणत्या जातीचा गिअरबॉक्स आहे हे पाहण्यापासून सुरुवात करणे इष्ट.)

निदानातील पहिले पथ्य असे, की कोड घाईने पुसू नये. कारण कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनावरील भार आणि तापमान यांची जपून ठेवलेली नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही त्याबरोबर पुसली जाते. त्यानंतर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि अवस्था तपासली जाते. आजच्या बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डिपस्टिक नसते, तर गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पोचल्यावर बाजूचा प्लग उघडून पातळी पाहावी लागते. काळपट आणि जळकट वासाचे तेल क्लचच्या अस्तराकडे संशय वळवते.

खरी परीक्षा मात्र रस्त्यावर होते. गिअरबॉक्स तापलेला, रस्ता मोकळा आणि वेग स्थिर असताना स्कॅनरवर इंजिनाच्या फेऱ्या आणि टर्बाइनच्या, म्हणजे कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या, फेऱ्या शेजारीशेजारी ठेवल्या जातात. पूर्ण लॉकअपची आज्ञा दिसू लागताच हे दोन आकडे जवळपास एक झाले पाहिजेत. इंजिन २,००० आणि टर्बाइन १,८०० वरच रेंगाळत असेल, तर क्लच घसरतो आहे किंवा मुळात दाबलाच जात नाही. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकचा दिवा लागण्यापुरता पेडल हलकेच दाबला, तर निरोगी गाडीत लॉकअप सुटून इंजिनाच्या फेऱ्या चढतात, आणि पेडल सोडल्यावर थोड्या वेळाने उतरतात. त्या मुळीच चढल्या नाहीत, तर लॉकअप लागलेलाच नव्हता. आज्ञाच दिसत नसेल, तर चौकशीची दिशा पालटते, कारण बिघडलेल्या ब्रेक स्विचमुळे किंवा इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळेही नियंत्रक लॉकअप रोखून धरतो.

आज्ञा असूनही स्लिप राहत असल्यास लॉकअपच्या तेलदाबावर नियंत्रण ठेवणाऱ्या विद्युत झडपेचा, म्हणजे सोलेनॉइडचा, रोध मोजला जातो. हा रोध तापमानानुसार बदलतो, हे गॅरेजमध्ये सहज विसरले जाते: तांब्याच्या ज्या वेटोळ्याचा रोध २० अंशांना १२ ओहम आहे, त्याचा ९० अंशांना सुमारे १५ ओहम भरतो, आणि ही वाढ दोष नव्हे. उलट, थंड असताना चोख वाटणारे वेटोळे तापल्यावर एकाएकी तुटल्यासारखे वागू शकते, म्हणून केवळ थंड गाडीवर घेतलेले माप विश्वासार्ह ठरत नाही. त्यातही असा विद्युत खंड पडल्यास सहसा पी०७४० सारखा निराळा कोड येतो. एकटा पी०७४१ आला असता संशय अडकलेली झडप, वॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे झडपांच्या ठोकळ्यातील, झिजलेले छिद्र किंवा अस्तर यांवर अधिक जातो. कन्व्हर्टर सर्वांत शेवटी येतो, कारण तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागतो आणि छिद्रातून दाब गळत असेल तर नवा कन्व्हर्टरही तसाच घसरतो.

दुरुस्तीनंतर दिवा विझला म्हणजे काम फत्ते झाले असेही नाही. पुष्कळ गाड्यांत लागोपाठ दोनदा गाडी चालवताना दोष आढळल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे फ्रीझ फ्रेममधील वेग, भार आणि तापमान पुन्हा जुळवून गाडी चालवावी आणि स्लिपचा आकडा प्रत्यक्ष पाहावा लागतो.