कोआला पाहावा, कवटाळू नये

कोआलाला पुष्कळ लोक अस्वल समजतात. वास्तविक तो कांगारूप्रमाणे पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा शिशुधानी प्राणी आहे. आपण लावतो ती निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. तिच्या काही जातींची पाने हेच कोआलाचे मुख्य अन्न. निलगिरीचे पान चुरगळून वर्गात हुंगायला द्यावे, असे आम्ही सुचवतो. त्या उग्र तेलासह पानांतील कित्येक द्रव्ये बहुतेक प्राण्यांना विषारी असतात. कोआलाचे यकृत ती निकामी करते. सुमारे २ मीटर लांब उंडुकातील जीवाणू पानांतले तंतू आंबवतात. एवढे करूनही ऊर्जा थोडीच मिळते. म्हणून तो दिवसाचे २० तासांपर्यंत झोपेत वा विश्रांतीत घालवतो.

हे कळले, की त्याला कसे पाहावे तेही कळते. त्याला कुशीत घेऊन छायाचित्र काढण्याच्या हौसेने त्याची विश्रांती मोडते. ब्रिस्बेनच्या लोन पाइन उद्यानाने ही प्रथा २०२४ मध्ये बंद केली. रानात आपण खोडावरचे ओरखडे आणि बुंध्याशी पडलेल्या लेंड्या शोधाव्यात, मग फांद्यांच्या बेचक्यांत पाहावे. झाड हलवू नये.

क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेशातील कोआला फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरले. जंगलतोड, वणवे, रोग, मोटारी आणि कुत्री ही त्याची कारणे. तिथली कुटुंबे रात्री गाडी हळू चालवून, कुत्रा बांधून आणि स्थानिक जातीची निलगिरी लावून त्यांना मदत करू शकतात.