केळीच्या पानाची व्रणपट्टी
केळीच्या पानाची व्रणपट्टी : भाजल्याने झालेले व्रण झाकण्यासाठी केळीच्या निर्जंतुक पानापासून बनविलेले अल्पमोली आच्छादन. त्वचा अंशतः जाडीपर्यंत भाजली असता खालच्या जिवंत पेशींपासून नवी त्वचा वाढते. गॉझची कोरडी पट्टी अशा व्रणास चिकटते व ती काढताना ही कोवळी त्वचा सोलली जाऊन तीव्र वेदना होतात. न चिकटणारी तयार आच्छादने महाग असल्याने लहान रुग्णालयांस परवडत नाहीत. यावर उपाय म्हणून मुंबईतील शल्यविशारद एम्. एच्. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून वापरल्या. त्यांचा प्राथमिक अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची परीक्षा केली (२००३). दोन्ही आच्छादने सारखीच गुणकारी ठरली. मात्र पानाची पट्टी बनविण्यास सोपी व अधिक स्वस्त आढळली. पानाचा पृष्ठभाग मेणचट व गुळगुळीत असल्याने ते व्रणास चिकटत नाही. रुंदीमुळे मोठा व्रणही त्याने झाकता येतो. पनवेलसारख्या कोकणातील गावी ते सहज मिळते. परंतु झाडावरून तोडलेले पान तसेच लावल्यास जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. म्हणून ते स्वच्छ पुसून, पट्टीवर चिकटवून व दाबाखालील वाफेने निर्जंतुक करूनच वापरतात. त्वचा पूर्ण जाडीपर्यंत जळाली असल्यास अशी पट्टी पुरेशी नसते. तेथे सामान्यतः त्वचारोपण करावे लागते.