हलकं चाक, पण किती हलकं?

उन्हाळ्यात नागपुरात रसवंतीवर गेला नाही असा कोण असेल? पुढच्या वेळी रसाचा ग्लास हातात येईपर्यंत हाताने फिरवायच्या चरकाचं ते मोठं लोखंडी चाक नीट पाहा. एकदा गती आली, की कडक ऊस मध्ये आला तरी ते अडत नाही. चाकात साठलेली गती उसाला पुढे रेटते.

असंच एक चाक मोटारीच्या इंजिनाला जोडलेलं असतं. त्याचं नाव फ्लायव्हील. पिस्टन खाली-वर अशा चार खेपा घालतो, पण इंधन जळून जोर मिळतो तो एकाच खेपेत! बाकीच्या तीन खेपा पार पडतात त्या मुख्यतः या चाकातल्या साठ्यावर.

मग चाक जड हवं की हलकं? ते कामावर ठरतं, बरं का! आपल्या हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला साधारण दोन हजार फेरे घेतं. नांगर घट्ट मातीत अडला, तरी ते बंद पडता कामा नये. म्हणून तिथे जड चाक. शर्यतीच्या मोटारीचं तसं नाही. तिथे मिनिटाला सात-आठ हजार फेरे, आणि तेही झटकन वाढायला हवेत, झटकन उतरायला हवेत. जड चाकाला फिरवण्यातच जोर खर्च होतो, म्हणून तिथे हलकं चाक.

एक गंमत करून पाहा. लाकडी पट्टीच्या मध्यापाशी रबरबँडने दोन सेल बांधा. पट्टी मधोमध धरून मनगटाने उलटसुलट फिरवा. आता तेच सेल दोन्ही टोकांना बांधा आणि पुन्हा फिरवा. वजन तेवढंच, पण हात किती जड वाटतो! म्हणजे चाक निवडताना नुसते किलो पाहून चालत नाही. वजन कडेला आहे की मध्यापाशी, हेही पाहावं लागतं.

आता कुणाला वाटेल, ‘मग काय, जुनंच चाक लेथवर तासून हलकं करू!’ इथेच खरा धोका आहे. पुष्कळ गाड्यांचं मूळ फ्लायव्हील बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड दाब छान सोसतं, पण ताण त्याला सोसत नाही. चाक फिरतं तेव्हा त्याची कड बाहेर फेकली जाऊ पाहते. फेरे दुप्पट झाले, की हा ताण चौपट होतो!

हिशेब करा. २४ सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ७००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. असं चाक फुटलं तर? अनेक गाड्यांत ते चालकाच्या पायांपासून फार लांब नसतं. म्हणून जाणकार लोक जास्त फेऱ्यांच्या इंजिनासाठी घडीव पोलादाचं चाक घेतात, किंवा क्लचच्या बाजूला पोलादी तबकडी बसवलेलं ॲल्युमिनियमचं. वजन सगळीकडून समतोल आहे ना, हेही यंत्रावर तपासून घेतात.

आणि एक गोष्ट. हलकं चाक इंजिनाची ताकद वाढवत नाही. ते फक्त वाया जाणारा जोर वाचवतं. हा फायदा पहिल्या गिअरमध्ये जास्त, वरच्या गिअरमध्ये कमी. उलट, सीताबर्डीच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना तीच गाडी थरथरेल आणि क्लच सोडताना जरा चूक झाली की बंद पडेल. रोजच्या गाडीला कंपनीचं चाकच बरं.

तेव्हा घरातल्या एखाद्या दादाने ‘चाक तासून आणतो’ म्हटलं, तर त्याला आधी एकच प्रश्न विचारा, “दादा, चाक बिडाचं आहे की पोलादाचं?”