पिकअपच्या कमानीत पाटा वाढवताना

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना एकेक कमान असते. स्प्रिंगच्या पोलादाचे, खाली आखूड होत जाणारे पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने आवळलेले असतात आणि ही सगळी चळत यू-बोल्टांनी ॲक्सलला बांधलेली असते. सर्वांत लांब मुख्य पाट्याच्या टोकांना डोळे वळवलेले असतात. पुढचा डोळा पिनेने थेट चेसिसला जोडतात, मागचा शॅकलच्या झुलत्या दुव्याला. भार आला की कमान सपाट होते, सपाट होताना लांबते आणि ती वाढलेली लांबी शॅकल सामावून घेतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणात हादऱ्याचा काही भाग विरून जातो.

जालना जिल्ह्यात या कमानींच्या वाट्याला फार वेगवेगळे भार येतात. अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या बागांतली मोसंबी पिकअपमधूनच बाजार समितीत येते. बियाण्यांची पोती, सरकीसह कापूस, आठवडी बाजाराची जनावरे हा वर्षभराचा माल. कापूस वजनाला हलका, पण उंच रचला जातो, त्यामुळे वळणावर कमानीची एकच बाजू दबते. सगळ्यांत कठीण माल म्हणजे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलांमधून निघणारी सळई. ती साधारण १२ मीटर लांब येते. जाडीच्या मिलिमीटरचा वर्ग करून १६२ ने भागला की मीटरमागे किलो मिळतात. म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम, आणि अख्खी सळई साडेदहा किलोंच्या थोडी वर. मधोमध दुमडली तरी ती ६ मीटरची राहते. पिकअपचा हौदा त्याच्या निम्म्याहून फार मोठा नसतो.

मागे लोंबणारा भार कमानीला जास्त जड पडतो. समजा पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर आहे आणि ३०० किलो माल मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे आहे. तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर ३०० नव्हे, ४०० किलो येतात. वरचे १०० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलके होते, पुढचे ब्रेक धरत नाहीत, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे ट्रेलर ओढला तर त्याच्या दांड्याचा दाब नेमका असाच काम करतो. अमेरिका-ऑस्ट्रेलियात पिकअपला ट्रेलर जोडण्याची रीत असल्यामुळे तिकडे कमानीला आधार देणाऱ्या साधनांचा मोठा व्यवसाय उभा आहे. जालन्यात ओढण्याचे काम ट्रॅक्टर करतो, ऊस असो की मळणी यंत्र. पिकअपची कमान मात्र सळईने त्याच रीतीने दबते.

काळ्या मातीवरचे रस्ते त्यात भर घालतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी थर लाटेसारखा होतो. अशा रस्त्यावर वेगात जाणाऱ्या गाडीच्या कमानीवर क्षणभर येणारा भार उभ्या गाडीतल्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो. पाटे तुटतात ते बहुधा याच क्षणी.

कामाची सुरुवात पाना हातात घेऊन नव्हे, वजनकाट्यावर व्हायला हवी. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचे वजन घ्यावे. त्यानंतर सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजावी, एकदा रिकामी, एकदा भरलेली. हे चार आकडे पुष्कळ काही सांगतात. रिकामी गाडीच एका बाजूला कलत असेल, तर तिकडचा पाटा तुटला असेल किंवा कमान बसली असेल. दोन्ही बाजू सारख्या असून भार भरल्यावरच ॲक्सल रबरी बंपस्टॉपला टेकत असेल, तर आधार वाढवण्याचा विचार करता येतो. आणि वजन पासिंगपेक्षा जास्त निघाले, तर उपाय गॅरेजमध्ये नाही.

ही शेवटची गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. बाजारातल्या पिकअपची भारक्षमता मॉडेलप्रमाणे साधारण १.३ ते २ टन असते. हा आकडा एकट्या कमानीवरून ठरत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस यांचा त्यात वाटा आहे. पाटा वाढवल्याने यातले काहीच बळकट होत नाही. गाडी सरळ दिसते, एवढेच. आणि सरळ दिसणारी गाडी अजून भरावीशी वाटते, खरा धोका तिथेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल मर्यादेबाहेर मागे डोकावत असेल तर त्यालाही २०,००० रुपये. पण दंडापेक्षा मोठी चिंता अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची आहे, त्याला सळईची टोके शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

वजन मर्यादेत असेल, तर पर्याय निवडायचा. रबराचे पोकळ ठोकळे बंपस्टॉपच्या जागी बसतात, गाडी बरीच दबल्यावरच ते काम सुरू करतात. ॲक्सल आणि चेसिस यांमध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्यांमध्ये भाराप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, पण धूळ आणि अणकुचीदार खडी यांपुढे त्यांची काळजी घेणे सोपे नाही. हेल्पर पाटे कमानीच्या वर बसतात. त्यांची टोके आणि चेसिसवरचे टेकू यांत फट असते. रिकाम्या गाडीत ते निवांत राहतात, भार आला की टेकतात. चौथा, सगळीकडे होणारा उपाय म्हणजे कमानीतच पाटा वाढवणे. बाजारात माल टाकून रिकामी परतणाऱ्या गाडीला हेल्पर जास्त सोयीचा, कारण कायम कडक झालेली कमान रिकाम्या फेरीत मागचे चाक उडवते, आणि उडणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. मोसंबीसारखा माल अर्धाच भरला असेल तर तो मऊ कमानीवरच कमी दुखावतो.

वाढवायच्या पाट्याची जाडी हा नेमका हिशेबाचा भाग आहे. पाच सारख्या पाट्यांत सहावा तसाच घातला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाने होतो: पाटा १० टक्के जाड असेल तर तो सुमारे ३३ टक्के कडक असतो. म्हणून भंगारातून ट्रकचा जाड पाटा कापून पिकअपला घालणे चुकीचे. तो एकटा भार ओढून घेतो, शेजारचे पाटे नुसते सोबत राहतात, आणि आधी तोच तुटतो.

काम सुरू करताना पुढच्या चाकांना उटी लावतात, चेसिस उचलून घोड्यांवर ठेवतात आणि ॲक्सलखाली जॅक देतात. चाक आणि शॉक ॲब्झॉर्बर निघाले की यू-बोल्ट सैल करायचे. गंजलेल्या आट्यांना आदल्या दिवशी तेल सोडलेले बरे. पिना काढून कमान खाली घेतात. सेंटर बोल्ट उघडण्याआधी चळत शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये आवळायलाच हवी. आखूड पाटे मुद्दाम जास्त वाकवलेले असतात, त्यामुळे आवळलेल्या चळतीत ताण साठलेला असतो. बोल्ट मोकळा होताच पाटे उसळतात, बोटे तिथे असतील तर ती जातात.

सुटे पाटे तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात तपासतात. बोल्टच्या भोकाजवळ आणि डोळ्याच्या वळणावर बारीक चीर आधी दिसते. बसलेला पाटा कमानवाला ऐरणीच्या खाचेवर, आतली बाजू वर धरून, घणाने ठोकून पुन्हा वाकवतो आणि जमिनीवर खडूने काढलेल्या वळणाशी लावून पाहतो. हातावरचे हे कौशल्य मोठे आहे. तरीही भाराचा ताण पुढे याच आतल्या बाजूवर येतो. घणाचा खोल व्रण तिथे चिरेची सुरुवात ठरतो. थंड ठोकलेली कमान कारखान्यात पाणी दिलेल्या कमानीपेक्षा लवकर बसते, हेही मालकाने धरून चालावे. पाट्याला गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग लागू देऊ नये; ज्या उष्णतोपचाराने त्याला लवचीकपणा आला, तोच तिथे संपतो.

जोडताना सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे, वाढलेल्या जाडीला पुरतील इतके लांब घेतात. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले पाहिजे, नाहीतर ॲक्सल सरकून गाडी तिरकी चालते. चारही नट तिरक्या क्रमाने, थोडेथोडे आवळतात. डोळ्यांत रबरी बुश असतील तर तिथले नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे घट्ट करायचे, म्हणजे बुश पिळवटत नाहीत.

इथे बहुतेक जण हात पुसतात, आणि ब्रेक राहून जातो. अनेक पिकअपमध्ये चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. कमान उंचावली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी पडतो. उत्पादकाच्या मापाने ती दांडी पुन्हा बसवून घेणे अनिवार्य आहे. त्याच फेरीत दिव्यांचा झोत जुळवावा. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्याने थरथर येते का, तेही चालवून पाहावे.

पहिल्या काही शे किलोमीटरांत पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैलावतात. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्टवर कातर येते, आणि तो तुटला की ॲक्सल जागा सोडतो. त्यामुळे गाडी परत आणून नट पुन्हा आवळायचे, भरलेल्या गाडीची दोन्ही बाजूंची उंची पुन्हा मोजायची आणि जुन्या आकड्यांशेजारी मांडायची.