पानात पाणी, पाण्यात पान

दिव्याहून वसईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जूचंद्रच्या आधी, कामण रोड नावाचे छोटे स्थानक लागते. उत्तरेला तुंगारेश्वरचे डोंगर, जवळच कामणदुर्ग आणि पावसाळ्यात सभोवती भातखाचरे. गावाच्या नावात शेवटी 'ण' आहे. परंतु गाडीतल्या दहा प्रवाशांना नाव विचारा, त्यांतले काही 'कामण' म्हणतील तर काही 'कामन'. रोमन लिपीत तर ण आणि न या दोहोंसाठी एकच अक्षर असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. शाळेच्या वर्गात मात्र तो उद्भवतो.

याच भागातील एका शिक्षकांनी आम्हाला एक अडचण सांगितली. वर्गातील अनेक मुले 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोला' म्हणतात आणि लिहितातही तसेच. प्रकट वाचनाच्या वेळी इतर मुले हसतात, म्हणून दोघी-तिघींनी मोठ्याने वाचणेच सोडून दिले. जीभ सुधारावी म्हणून गुरुजींनी महिनाभर रोज 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणून घेतले. मुले त्यात इतकी पटाईत झाली की गुरुजीच हरू लागले. पण पाणी काही 'पानी'चे 'पाणी' झाले नाही! बोबडी वळवणाऱ्या अशा वाक्यांनी उच्चार सुधारतो हे मग खोटे समजावे काय?

खोटे नाही. पण या वाक्यात ण किती वेळा येतो ते मोजून पहा. एकदाही नाही. ळ देखील नाही. गुडघा दुखत असताना खांद्याला तेल चोळण्यासारखाच हा प्रकार झाला.

या वाक्यात जीभ कशाने अडखळते ते आधी पाहू. साधे बोलतानाही आपल्या तोंडून सेकंदाला दहा ते पंधरा ध्वनी बाहेर पडतात. एवढ्या वेगात प्रत्येक ध्वनीचा स्वतंत्र विचार करणे शक्य नसते. म्हणून मेंदू पुढच्या काही ध्वनींची तयारी आधीच करून ठेवतो, जणू तिकीटखिडकीपुढची रांगच. 'कच्चा'ची सुरुवात क ने होते आणि मध्ये च्च येतो. 'पक्का'ची सुरुवात प ने होते आणि मध्ये क्क येतो. 'पापड'मध्ये पुन्हा प आहेच. शब्दांची घडण एकसारखी, पण त्याच जागांवर कधी ओठ, कधी जिभेचा पुढचा भाग, तर कधी जिभेची मागची बाजू काम करते. मग रांगेतला मागचा प पुढे घुसतो आणि 'पच्चा पापड' असे काहीतरी बाहेर पडते. अमेरिकेतील भाषावैज्ञानिक व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ साली बोलण्यातील अशा चुकांचा मोठा संग्रह तपासून दाखवले की त्या वाटेल तशा होत नाहीत. शब्दारंभीचा ध्वनी बहुधा दुसऱ्या शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीशीच जागा बदलतो. म्हणजे चुकतानाही मेंदू नियम पाळतो.

२०१३ साली सॅनफ्रान्सिस्को येथील एडवर्ड चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युतसंकेत ते बोलत असताना नोंदवले. ओठ, जीभ आणि कंठ यांना हलवणारे भाग ठरावीक क्रमाने मांडलेले, पण काही अंशी एकमेकांवर आलेले आढळले. तसेच ज्या ध्वनींना तोंडातील हालचाल सारखी लागते, त्यांचे मेंदूतील आकृतिबंधही सारखे दिसले. सख्ख्या भावांची हाक चुकते, परक्याची सहसा चुकत नाही, तसेच येथे घडत असावे.

आता ण आणि ळ यांच्याकडे वळू. आपली वर्णमाला ध्वनी तोंडात कोठे निर्माण होतात त्या क्रमाने लावलेली आहे, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. त वर्गाच्या शेवटी न आहे आणि ट वर्गाच्या शेवटी ण. न म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ण म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते आणि जिभेची खालची बाजूही वर येते. ल आणि ळ यांच्यातही हाच फरक आहे. जीभ मागे वळली की तिच्या टोकाखाली एक पोकळी तयार होते. त्यामुळे तोंडातील हवेचा अनुनाद बदलतो आणि आवाजातील एक वरची वारंवारता खाली उतरते. कानाला ळ 'जड' वाटतो त्याचे हे एक कारण.

हे वर्गात करून पाहता येते. जिभेच्या टोकावर वर-खाली दोन्ही बाजूंना थोडी कोकोची पूड लावून प्रत्येकाने 'अला' म्हणावे आणि लगेच आ करून आरशात आपलाच टाळू पहावा. पूड कोठे लागली? तोंड धुऊन पुन्हा पूड लावावी आणि 'अळा' म्हणावे. ठसा मागे सरकलेला दिसेल. उच्चारशास्त्रज्ञ हाच प्रयोग कोळशाच्या पुडीने करीत आले आहेत. जीभ कोठे न्यायची हे ज्या मुलाला शंभरदा सांगून कळत नाही, त्याला ते एका ठशाने कळते.

मात्र जिभेच्याही आधी कान येतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतील ट आणि त वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक ओळखता आला. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो ओळखता आला. घरात जो फरक उपयोगाचा नाही त्याकडे कान दुर्लक्ष करायला शिकतो. सुदैवाने हे दार कायमचे बंद होत नाही. जपानी भाषिकांना इंग्रजीतील र आणि ल वेगळे ऐकू येणे कठीण जाते. १९९७ साली अ‍ॅन ब्रॅडलो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जपानी प्रौढांना अनेक वक्त्यांच्या आवाजातील शब्द केवळ ऐकवून ते ओळखण्याचा सराव दिला. बोलण्याचा सराव दिला नव्हता, तरी त्यांचे उच्चार सुधारले. आमच्या मते या लेखातली सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे.

स्पॅनिश शिकणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्या भाषेत 'पेरो' म्हणजे 'पण', आणि र घोळवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. पहिला र आपल्या र सारखाच, जीभ एकदा टेकवून होणारा. दुसऱ्यात जीभ मुद्दाम हलवायची नसते. टोक सैल वर ठेवून हवा सोडली की ते झेंड्यासारखे आपोआप दोन-तीनदा फडफडते. स्पेनमधील मुलांनाही हा ध्वनी बऱ्याच उशिरा जमतो. म्हणून तेथे र ने खच्चून भरलेली वाक्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. अशा वाक्याला तिकडे 'त्राबालेंग्वास' म्हणतात, म्हणजे जीभ अडकवणारे. परंतु ज्याला दोन र मुळात वेगळे ऐकूच येत नाहीत, तो ते वाक्य कितीही वेगाने म्हणाला तरी आपला जुनाच र अधिक पक्का करतो. चुकीचा सरावही सरावच!

तेव्हा गुरुजींना आम्ही दोन छोटी वाक्ये रचून दिली. 'पानात पाणी, पाण्यात पान' हे एक. दुसरे लावणीच्या दिवसांना शोभणारे: 'गालाला गाळ, गाळात गाल'. प्रत्येकात एकच जोडी आहे आणि चुकले की अर्थ बदलतो, म्हणून चूक मुलाला स्वतःलाच कळते. पहिला आठवडा केवळ ऐकण्याचा. शिक्षकांनी तोंडासमोर वही धरून 'गाल' किंवा 'गाळ' म्हणावे आणि मुलांनी गालाला किंवा जमिनीकडे बोट दाखवावे. निरनिराळ्या मुलांनाही बोलायला लावावे, म्हणजे कानाला अनेक आवाज मिळतात. मग सावकाश म्हणणे, आणि शेवटी वेग. वेगाची घाई केली की सगळे बिनसते, हे गुरुजींना पहिल्याच आठवड्यात दिसले.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगितली. 'पानी' हा अशुद्ध उच्चार नव्हे. उत्तर कोकणातील आगरी, कोळी बोलींत ण च्या जागी न, ळ च्या जागी ल आणि पुष्कळदा दोन स्वरांमधील ड च्या जागी र येतो. गाडीची 'गारी' होते. हे नियमाने घडते, आळसाने नाही. ज्याला 'पानी' म्हणता येते त्याला 'पाणी'ही म्हणता यावे एवढेच शाळेचे काम. आजीशी बोलताना त्याने काय म्हणावे, हे आजी आणि नातू पाहून घेतील. गुरुजींनी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "गुरुजी, आमची 'गारी' तुम्ही बोलून दाखवा." गुरुजींनी प्रयत्न केला. सगळा वर्ग हसला, आणि या वेळी गुरुजीही.

वाचन सोडून दिलेल्या मुलींपैकी एक आता 'गालाला गाळ' सलग सात वेळा म्हणते. वाचायला उभी राहते ती अजून नाखुषीनेच. ड आणि र यांचे चांगले वाक्य मात्र आम्हाला अद्याप साधलेले नाही. 'गाडीत गार, दारात गाडी' इथपर्यंत पोचलो, पण ते जिभेला फारसे अडवत नाही. आपल्या वर्गातील मुलांना याहून अवघड वाक्य सुचले, तर जरूर कळवावे.